फणसाचं आढं

कोल्हापूरची पावणं आमचं ओसाड गाव बघाय येत्यात, तवा मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. गाडीतनं उतरत्यात, गळ्यात कॅमेरा, डोळ्यावर काळा चष्मा, आणि पडक्या भिंतीम्होरं उभं राहून एकमेकाचं फोटू काढत्यात. "किती शांत आहे ना इथं!" आरं बाबा, माणसंच उठवल्यात, तर वरडणार कोण? परवा मी तिकडं गेलते, तर एक बाई असंच डोळं मिटून, हात पसरून उभी राहिली. मी म्हणलं, "बाई, तुमी उभ्या हाय तितं बयाबाईच्या म्हशीचा गोठा हुता." तिनं टाणदिशी पाय उचलला. बारा वर्सांमागचं शेण बुटाला लागंल म्हणून भ्याली असंल.

करंजुळी आमचं गाव. मुरगूडपासनं आत, डोंगराच्या अंगाला. धरण झालं आणि चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात सरकारनं गाव उठवलं. कागलच्या माळावर वसाहत दिली, तितं आमास्नी नेऊन टाकलं. खालची शेतं पाण्यात गेली. गावठाणापत्तोर पाणी काय आलंच न्हाय, पण तोवर गाव मोडलेलं हुतं. ज्येनं त्येनं आपापलं घर उस्तरून नेलं. दारं, चौकटी, तुळया, कौलं, समदं. मागं राहिल्या मातीच्या भिंती, आणि टेकावरची शाळा. ती मातर पुरी उभी. कौलं हाईत, वासे हाईत, फळा हाय, लोखंडाच्या तुकड्याची घंटाबी हाय.

ही शाळा जपली कुणी, म्हणून पावणं इचारत्यात, तवा समदी माझ्या बापाचं नाव घेत्यात. बाळासो सुतार. पेपरात आलतं की, 'ओसाड गावातील ज्ञानमंदिराचा राखणदार'. पेपरवाल्यानं बापाला फळ्याम्होरं उभा केला आणि हातात खडू दिला. माझा बाप अंगठाबहाद्दर. खडूनं लाकडावर रेघ मारायची एवढंच त्येला ठावं. पण फोटूत असा उभा, जणू आत्ता पोरास्नी पाढं इचारणार हाय. तो पेपर वसाहतीतल्या पंचाक्षरी वाण्यानं दुकानात चिकटवला आणि येईल त्येला दावला. मी तिथनं तेल आणायचं बंद केलं.

खरं सांगू? शाळा प्रेमानं टिकली न्हाय. भांडणानं टिकली.

शाळा बांधली अठ्ठावन्न साली. सरकारनं भिंतीपुरतं दिलं आणि छपराचं गावानं बघायचं ठरलं. आमची झोपडी सोडली तर गावात बेचाळीस घरं. घरटी एक लाकूड द्यायचं. कुणी वासा दिला, कुणी तुळई, कुणी चौकटीचं लाकूड. छपराचं काम माझ्या बापाकडं. तवा तो सव्वीसचा. लाकडं गोळा झाली, पण आढ्याला लागंल असं लांब, सरळ लाकूड कुणी देईना. आढं म्हंजे छपराचा कणाच की. दोन्ही बाजूचं वासे त्येच्यावर रेलत्यात. मोठ्या घरांच्या परड्यात सागवान हुतं, पण त्येंचा हात सुटंना. शेवटी माझी आजी अंबूबाई म्हणाली, "आपला फणस तोड." आमच्या झोपडीमागं तेवढा एकच फणस हुता. वर्सातनं दोन महिनं घरची माणसं त्येच्यावर काढायची. तो तोडला, आणि बापानं त्येचं आढं घडवून शाळंवर चढवलं. आमचं सवताचं घर कुडाचं, वर गवत. त्येला ना आढं, ना तुळई. सुताराचं घर असं. गावाला कदी लाज वाटली न्हाय. बापालाबी न्हाय.

म्होरं गाव उठलं, तवा समद्यास्नी आपापल्या लाकडाची आठवण झाली. काय तो दिस! बेचाळीस घरची माणसं शाळंत शिरली आणि वर बोटं करून वरडाय लागली. "ती तुळई आमची!" "आमच्या आज्यानं दिल्याली!" ज्येंनी मनगटाएवढा वासा दिलता, ती मांडीएवढ्या तुळईला हात लावून बसली. एका तुळईला सात धनी निघाले. बयाबाईनं तर चौकटीला मिठीच मारली आणि सुटंना. ज्या शाळंत कुणाचं पोरगं चौथीच्या म्होरं गेलं न्हाय, त्या शाळंच्या लाकडावर ह्येंचा एवढा जीव! मी दारात उभी राहून बघत हुते आणि मला वाटत हुतं, थुकावं ह्येंच्यावर.

मग उठले हंबीरराव. गावातलं मोठं घर ह्येंचं. मिशीला पीळ देऊन बोलायची सवय. म्हणले, "वासं कुणाचं असतील ते असू देत. आढं आमच्या वडलांनी दिल्यालं हाय. आमच्या परड्यातलं सागवान. आणि आढ्याला हात लावल्याबिगार एक वासा सुटत न्हाय. सुटतो का रं बाळासो?"

माझा बाप म्हणला, "न्हाय सुटत."

तेवढंच. फणसाचं नावसुद्दा काढलं न्हाय. मी बापाच्या दंडाला धरलं, हलवलं, म्हणलं, "बोल की! तोंडात काय खिळं धरल्यात व्हय?" पंचांनी ठरवलं, कुणीच कायबी न्यायचं न्हाय. शाळा हाय तशी ऱ्हाऊ दे. तर अशी ही जपलेली शाळा. दुसऱ्याला मिळू ने म्हणून ठेवलेली.

मला तवा चौतीस वरीस हुतं. नवऱ्याचं घर सोडून मी बापाकडं आल्ते त्येलाबी तेरा वर्सं झालती. लोकं म्हणत्यात नवऱ्यानं टाकली. मी टाकला त्येला, आणि बरं केलं. वसाहतीत मी ब्लाऊज शिवायची आणि बाप लोकांची घरं उभी करायचा. बेचाळीस घरं त्येनंच उस्तरली, त्येनंच परत उभी केली. एक खिळा हिकडचा तिकडं न्हाय. त्येची रीतच तशी हुती. लाकूड काढायच्या आधी त्येच्या टोकाला पटाशीनं खूण खोदायचा, म्हंजे कुठलं लाकूड कुणाच्या घरचं ते कळावं. अक्षर येत न्हवतं, म्हणून चित्रं. हंबीररावांच्या घराला मिशी. पंचाक्षरीच्या घराला तराजू. बयाबाईच्या घराला कोंबडी. लोकं हसायची, पण चूक एकबी झाली न्हाय.

मी इचारलं, "आपली खूण काय रं आबा?"

"घर न्हाय, त्येला खूण कशाला? घर उठंल तवा करू की."

घर कवा उठणार? आमास्नी वसाहतीत जागा मिळाली, पण तिच्यावर पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात आत चूल न पेटवता भाकरी भाजली असती. भिंती मी घातल्या, एकेक रांग करून, शिलाईच्या पैशातनं. पण वर काय घालू? मी बापाला रोज म्हणायची, "आपलं आढं तितं हाय. फणसाचं. काढून आण, त्येच्यावर घर उठतंय." मला दुसरं काय नको हुतं. त्येवढं एक लाकूड.

बाप म्हणायचा, "आढं काढलं की शाळा बसंल."

"बसू दे की! कोण शिकतंय तितं? घुबडं?"

"बायडे, तुझी जीभ माझ्या वाकसापरास धारंची हाय."

आणि हसायचा. त्या हसण्याचा मला लई राग यायचा. वाकसानं लाकूड तरी घडतंय, माझ्या जिभंनं ह्या माणसाचा एक टवका उडाला न्हाय.

मग त्येचं शनवारचं खूळ सुरू झालं. दर शनवारी सकाळी पहिल्या एस्टीनं मुरगूडला जायचा, तिथनं चालत करंजुळीला. खांद्यावर पोतं. पोत्यात काय, तर घरं बांधून उरलेलं लाकडाचं तुकडं. हात-दोन हात लांबीचं, टाकाऊ. लोकं गावातनं लाकूड हिकडं आणत्यात, आणि माझा बाप हिकडनं तिकडं नेतोय! मी इचारलं, "ह्येचं काय करतोस?" म्हणला, "शाळंला लागतंय." साठी उलटलेला माणूस, ज्येला सवताच्या घरावर छप्पर घालणं झालं न्हाय, तो मोडक्या गावातल्या शाळंला ठिगळं लावतोय. मी त्येला काय काय बोलले ते आता सांगाय नको. येडा म्हणलं, लाचार म्हणलं. हंबीररावाचा घरगडी म्हणलं. एकदा म्हणलं, "तू मेलास तर तुला तितंच न्हेऊन ठेवती, फळ्याखाली." समदं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "च्या कर."

धा वर्सं हे चाललं. पेपरवाला ह्याच काळात आला. मग कुणी तरी कॉलेजची पोरं घेऊन आलं. "आजोबा, तुम्हाला शाळेबद्दल एवढं प्रेम का?" बाप म्हणला, "काम हाय म्हणून येतो." पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. वा, काय इचार, म्हणली.

दोन हजार चारच्या दिवाळीआधीचा शनवार. बाप परत आला, पोतं रिकामं. लई दमल्याला, पण तोंडावर कसलं तरी हसू. म्हणला, "बायडे, येत्या शनवारी तू चल माझ्यासंगं. माळ्यावर चढून आढं बघ एकदा."

मी मिशनीवर हुते. मान वर केली न्हाय. म्हणलं, "तुझ्या शाळंचं आढं बघाय मी मोकळी न्हाय. माझ्या डोक्यावर हाय का ते सांग."

त्येनं रिकामं पोतं घडी घालून खुटीला टांगलं. बुधवारी सकाळी अंघोळीला पाणी काढताना पडला, तो उठला न्हाय.

म्होरं सव्वा वर्सानं, दोन हजार सहाच्या जानेवारीत, हंबीररावांचा ल्योक अमरसिंह वसाहतीत दवंडी दिल्यागत फिरला. शाळंत कार्यक्रम हाय, कोल्हापूरची मोठी माणसं येणार, गावानं ट्रक करून यायचं, जेवण हाय. मला सांगाय सवता आला. "बायडाबाई, तुमचा सत्कार हाय. बाळासोंच्या आठवणीत. आणि पाटी लावतोय संगमरवरी." मी इचारलं पाटीवर काय लिवलंय. त्येनं मोबाईलातला फोटू दावला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आढ्याचं सागवान त्येच्या आज्यानं दिल्याचं लिवल्यालं. खाली बारक्यात, 'देखभाल: बाळासो सुतार'.

मी म्हणलं, "येती की."

ठरवलंच मी. सागवान तासलं तर भुरकट निघतंय आणि फणस निघतो हळदीसारखा पिवळा. सुताराच्या घरात हे लहान पोरालाबी कळतंय. समद्यांच्या देखत माळ्यावर चढायचं, आढ्याचा एक टवका काढायचा आणि खाली आणून हंबीररावांच्या मांडीवर टाकायचा. बापानं न्हाय केलं, ते मी करणार. पिशवीत बापाची पटाशी घालून मी ट्रकात बसले.

कार्यक्रम काय सांगू! ज्या बयाबाईनं चौकट उपटून न्यायला मिठी मारल्ती, तीच आता त्या चौकटीला हळदकुंकू लावून रडत हुती. पंचाक्षरी पावण्यांस्नी सांगत हुता, "आमी ठरवलं, घरं गेली तर जाऊ देत, पण शाळेला हात लावायचा नाही." तोंड तरी कसं धजलं! एक पावणा उठला आणि तासभर बोलला. माती म्हणला, मुळं म्हणला, संस्कार म्हणला. भुकेली माणसं टाळ्या वाजवत हुती. खुर्चीत हंबीरराव, आता म्हातारं झाल्यालं, पण मिशीचा पीळ तसाच. मला शाल दिली. ती शाल मी खाली ठिवली आणि म्हणलं, "मला माळ्यावर जायचं हाय. माझ्या बापानं धा वर्सं सांभाळल्यालं आढं बघायचं हाय."

पावण्यांस्नी ते लई आवडलं. कुणी तरी शिडी आणली. शाळंत पोरांच्या डोक्यावर कचरा पडू ने म्हणून वाशांच्या खाली बांबूच्या तट्ट्याचं छत हुतं, त्यामुळं खालनं आढं दिसत न्हवतं. एका कोपऱ्यात वर जायाला भोक. मी पदर खोचला आणि चढले. सुताराची पोर हाय मी. खाली कॅमेरं चालू.

वर अंधार न्हवता. दोन काचंची कौलं बापानं बसवल्ती, त्येंच्यातनं ऊन पडलं हुतं. पटाशी काढली आणि आढ्याकडं बघितलं, आणि हात तसाच राहिला.

आढ्याच्या दोन्ही अंगाला, वाशांच्या खाली, दोन नवी लांब लाकडं बसवल्याली हुती. नवी म्हंजे, तुकड्यातुकड्याची. हात-दोन हात लांबीचं तुकडं एकात एक सांधून, पाचरा ठोकून, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपत्तोर एक लाकूड केल्यालं. परतेक तुकड्याच्या अंगावर खूण. मिशी. तराजू. कोंबडी. बेचाळीस घरांच्या खुणा. पोत्यातनं नेल्यालं ते टाकाऊ हेच. आणि वासं समदं त्या दोन लाकडांवर टेकल्यालं. मी आढ्याला हात फिरवला. एकबी खिळा न्हवता. समदं खिळं उपटून नव्या लाकडांत मारल्यालं. आमचा फणस तितं नुसता पडून हुता. कशालाबी न धरता. बाजूच्या भिंतीतलं चार दगड काढले, तर सरळ बाहीर वढून न्यावा असा. शाळंचं एक कौल हललं नसतं.

धा वर्सं हा माणूस एकेक वासा सोडवत हुता. माझ्या आढ्यासाठी. आणि मी त्येला हंबीररावाचा घरगडी म्हणलं.

आढ्याच्या टोकाला खूण हुती. दुसऱ्या गावाला न्यायच्या लाकडावर तो करायचा तशी, पटाशीनं खोदल्याली. खोदल्याल्या जागी अजून पिवळं दिसत हुतं. आमच्या घराची खूण. मी जवळ जाऊन बघितलं. उघडं तोंड, आणि त्येच्यातनं बाहीर काढल्याली ही लांब जीभ.

माझं हसू फुटलं आणि त्येच्याबरोबर रडूबी फुटलं. मेल्या, म्हणलं, जीता असतास तर आत्ता बोलले असते तुला.

"बायडाबाई, काय दिसलं हो वर?" खालनं अमरसिंह. मी उतरले. पटाशी परत पिशवीत घातली. पावणी बाई म्हणाली, "भारावल्यात त्या." एकानं माझ्या रडक्या तोंडाचा फोटू काढला. हंबीररावांनी मिशीला पीळ दिला आणि इचारलं, "हाय का न्हाय आमचं सागवान?"

मी डोळं पुसलं. म्हणलं, "हाय की. छप्पर पेलून धरल्यालं समदं तुमचंच हाय." खोटं न्हवतं ते. मिशीची खूण मी डोळ्यांनी बघितल्ती, दोन तुकड्यांवर.

तिसऱ्या दिवशी टेम्पो केला, चार गडी घेतले आणि करंजुळीला गेले. भिंतीतलं दगड काढले आणि फणस बाहीर वढला. तेवढ्यात अमरसिंहाची जीप आली. कुणी तरी लावलंच की जाऊन. हंबीररावबी पुढं बसल्यालं. "शाळा पाडतीस व्हय गं?" म्हणून अमरसिंह वरडला.

"पडली का? कौलं मोजा आणि मग वरडा."

त्येनं वर बघितलं. शाळा उभी. आत पळाला, शिडी लावली, माळ्यावर गेला आणि बऱ्याच येळानं खाली आला. त्येच्या तोंडावरनं दिसत हुतं, खुणा बघितल्यात. हंबीरराव जीपीतनं उतरलं, काठी टेकत आढ्याकडं आलं. "हे आमचं..." म्हणाय लागलं. मी गड्यांस्नी सांगून आढ्याचं टोक तेवढं त्येंच्याकडं फिरवलं. बापाची जीभ न्हवं ती, माझीच. पण त्या म्हाताऱ्याला ती बापानंच दावली. पिवळ्या लाकडाकडं आणि त्या जिभंकडं त्येंनी बघितलं आणि मिशीवरचा हात खाली घेतला.

पाटी अजून तितं हाय. पावणं अजून येत्यात, सागवानाचं आढं म्हणून वर तट्ट्याकडं बघत्यात आणि माना डोलावत्यात. बघू देत.

घर झालं माझं. कागलच्या माळावर, कौलारू, फणसाच्या आढ्यावर. टोक दाराच्या बाजूला ठिवाय लावलं गवंड्याला, म्हंजे मिशनीवर बसलं की दिसतंय. गिऱ्हाईक बायका इचारत्यात, हे काय हो, जीभ कुणाची? मी सांगती, घराची खूण हाय. एखादीचा राग आला, बोलाय तोंड उघडलं आणि नजर वर गेली, की मी आपली उठती आणि दोन कप च्या टाकती. एक तिला. एक आबाचा, तो तसाच निवतोय.